तेजबाणच्या शेवटच्या कांड्या

घोडीचं पोट चार महिने कुणाला सांगायचं नाही, हा अलीमच्या घराण्याचा कायदा होता. घराणं म्हणजे काही नवाबाचं नव्हे. बाप परतूरच्या स्टेशनावर टांगा हाकायचा, आजाही तेच करायचा. पण कायदे करायला नवाबच लागतो असं थोडंच आहे! बापाची लाडली नावाची एक घोडी होती. ती गाभण राहिली तेव्हा बापाच्या तोंडात तीळ भिजेना. चहाच्या टपरीवर सांग, मशिदीच्या पायरीवर सांग, रेल्वेतून उतरलेल्या अनोळखी सवारीलाही सांग. अख्खं स्टेशन घोडी बघून गेलं, जो तो तिच्या पोटावरून हात फिरवून गेला, आणि चौथा महिना पुरा व्हायच्या आत लाडली गाभडली. बापानं अन्न सोडलं. मग एका सकाळी त्यानं अलीमला समोर बसवून सांगितलं, "आज से कोई भी पूछे, बोलने का, खाली है." खाली म्हणजे रिकामी, गाभण नसलेली. अलीम तेव्हा शाळकरी पोरगा होता, पण ते वाक्य त्याच्या हाडात जाऊन बसलं.

पुढे टांगे गेले, रिक्षा आल्या, बापही गेला. अलीम वरातीत घोडी नाचवत गावोगाव हिंडला आणि तिथंच एका लग्नात राधेश्याम शेठच्या नजरेत भरला. शेठचं जालन्यात कापसाचं जिनिंग. पैसा कापसाचा, पण जीव घोड्यांवर. त्यांनी शहागडच्या शिवारात गोदावरीच्या अंगाला जमीन घेऊन स्टड फार्म काढला, तेव्हा पहिला माणूस नेमला तो अलीम. आज पन्नाशीला टेकलेला अलीम तिथला मॅनेजर आहे. आता मॅनेजर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर खुर्ची येईल, तर ती आधी बाजूला सारा. कोणती घोडी माजावर आली, कुणाला कोणता घोडा दाखवायचा, डॉक्टरला कधी बोलवायचं, कुणाच्या खुराकात, चंदीत काय कमी पडतंय, हे सगळं बघून वर लीद उचलायची, असा तो मॅनेजर.

तेजबाण त्याच फार्मवर जन्मला. कुमैत, म्हणजे काळपट तांबडा रंग, चारही पाय गुडघ्याखाली पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. असल्या पंचकल्याणी घोड्याला बघून जाणकार माणसं नकळत हात जोडतात. जन्मताना त्याचा पाय अडकला होता; अलीमनं कोपरापर्यंत हात घालून तो सरळ केला, म्हणून तेजबाण जगला. शेठ दर रविवारी जालन्याहून यायचे, त्याला गूळ भरवायचे आणि त्याच्याशी मारवाडीत बोलायचे. पोटची पोरं पुण्याला. त्यांच्याशी इतकं बोलणं कधी होत नसावं.

घोड्याचं रेत काढून गोठवून ठेवायची टूमही शेठचीच. बाहेरून डॉक्टरांची टोळी आली, सोबत चामड्यानं मढवलेला एक ओंडका घेऊन. त्याला म्हणे घोडी समजायचं. तेजबाणनं ओंडक्याकडे बघितलं, मग अलीमकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. हा तमाशा बराच चालला. शेवटी अलीमनं माजावर आलेल्या घोडीचं मूत त्या ओंडक्यावर शिंपडलं, तेव्हा कुठे स्वारी राजी झाली. रेत बारीक कांड्यांत भरून नायट्रोजनच्या जारमध्ये बुडवून ठेवलं. जारमधला नायट्रोजन हळूहळू उडून जातो, तो वेळेवर भरला नाही तर आतलं सगळं मेलं म्हणून समजा. अलीम तो जार मांडीवर घेऊन टेम्पोत बसायचा आणि जालन्याला जाऊन भरून आणायचा. त्याची बायको मेहरुन्निसा म्हणायची, आपल्या पोरांना तरी असं मांडीवर घेतलंत का कधी?

मग गेल्या पावसाळ्यात तेजबाणला पोटशूळ उठला आणि दिवस मावळायच्या आत तो गेला. त्याची आधीची शिंगरं केव्हाच विकली गेली होती, काही तर थेट पंजाबात. विकताना कुणाला माहीत होतं! फार्मवर त्याच्या रक्ताचं एकही उरलं नाही. उरल्या फक्त जारमधल्या कांड्या. शेठ आले, मेलेल्या घोड्याच्या मानेवर हात ठेवून बसले आणि गेले ते पुन्हा फार्मवर फिरकलेच नाहीत. हृदयाचं दुखणं होतंच, त्यात उभारीही गेली. फक्त रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा.

"अलीम, काही?"

"अजून तर न्हाई, शेठ."

एवढंच बोलणं. 'काही' म्हणजे तेजबाणच्या कांडीनं एखादी घोडी राहिली का. आणि राहत नव्हती. गोठवलेलं रेत फार नाजूक. घोडीचं अंडं सुटायची वेळ सोनोग्राफीवर नेमकी पकडावी लागते, कांड्या कोमट पाण्यात जपून वितळवाव्या लागतात, आणि एका वेळेला त्यांचा अख्खा जुडगा संपतो. ह्या घोडीला भरव, त्या घोडीला भरव, असं करता करता जार रिकामा होत आला. शेवटच्या कांड्या रेशमाला गेल्या. अकरा वर्षांची, सोशिक, आधी तीन शिंगरं दिलेली घोडी. आणि रेशमा राहिली.

महिना भरत आला तेव्हा फार्मच्या नेहमीच्या शिवाजी डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. एक काळा गोल आणि त्यात लुकलुकणारा ठिपका. काळीज. अलीम पागेच्या भिंतीला टेकून रडला. लपवायचं काय त्यात? तेजबाण परत येत होता.

"लाव शेठला फोन," डॉक्टर म्हणाले.

"न्हाई साहेब. चार महिने न्हाई."

डॉक्टर हसले. अलीमनं त्या संध्याकाळीही शेठला "अजून तर न्हाई" असंच सांगितलं. सांगताना त्याला आतून उकळ्या फुटत होत्या. चार महिने झाले की स्वतः जालन्याला जायचं, पेढे घेऊन जायचं, शेठच्या दारात उभं राहून सांगायचं, असे त्याचे मनसुबे चालले होते. बायकोशिवाय त्यानं कुणाला पत्ता लागू दिला नाही. रेशमाचा खरारा करणाऱ्या वसंतालासुद्धा नाही.

आता कशी वेळ येते बघा. त्याच आठवड्यात शिवाजी डॉक्टर मोटरसायकलवरून पडले आणि पाय मोडून दवाखान्यात जाऊन पडले. बदली म्हणून त्यांनी संघपाल डॉक्टरला पाठवलं; रेशमाचं त्याला सांगायचं मात्र दुखण्याच्या गडबडीत राहून गेलं. पोरगा हुशार, कामसू; पण आजवर हात चालला तो गायी-म्हशींवर. तो आला त्याच सकाळी अंगानं जाड, बोटं अंगठ्यांनी भरलेलं एक गिऱ्हाईक वछेरा, म्हणजे तरणं शिंगरू, बघायला आलं. संघपालनं विचारलं, "अलीमभाई, माजावर कोणाला आणायचंय?" अलीम म्हणाला, "चला ना, दाखवतो एकेक." निघाले. गिऱ्हाईकही मागोमाग.

पागेच्या रांगेत चालता चालता ही खाली, ही दूध पाजती, ही खाली, असं अलीम सांगत होता. रेशमाच्या ठाणाशी गिऱ्हाईक थांबलं. अंगठ्यांचा हात त्यानं तिच्या पोटाकडे नेला.

"ही भरल्यासारखी वाटून राह्यली. गाभण हाये का?"

अलीमच्या तोंडातून आपोआप निघालं, "कुठली गाभण! खालीच हाये ती बी."

संघपाल दोन पावलं मागं उभा होता. त्यानं मान हलवली. गिऱ्हाइकाला वछेरा पळताना बघायचा होता, म्हणून अलीम त्याला घेऊन नदीकडच्या मोकळ्या रानात गेला. डॉक्टरला बाजूला घेऊन कानात एक शब्द सांगायचा, एवढीच गोष्ट. नंतर सांगू असं त्याच्या मनातही आलं नाही. रेशमा खाली नाही, हे त्या क्षणी तो स्वतःच विसरला होता. तोंडाला इतकी सवय लागली की डोकं असंच दगा देतं.

तो परत आला तेव्हा सकाळचा गारवा अजून होता. बाकीच्या घोड्या कोरड्या ठणठणीत उभ्या होत्या. चारपाच जणी मात्र घामानं निथळत होत्या. रेशमाच्या बगलेतून, मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि ती मागचा पाय पोटाकडे झाडत होती. खाली घोडीला माजावर आणायची सुई टोचली की घोडीला असाच घाम फुटतो. अलीमनं ते शेकडो वेळा पाहिलं होतं. वसंता तिची मोरकी धरून उभा होता आणि संघपाल हात धूत होता.

"हिला काय दिलं?" अलीमनं विचारलं.

"तेच. खाली घोड्या सगळ्या उरकल्या."

"सोनोग्राफी न्हाई केली?"

"मशीनची बॅटरी उतरल्ती. आन् तुम्ही सोता बोलले ना, खाली हाये म्हणून..."

अलीम होता तिथंच लिदीत खाली बसला. "गाभण हाये ती," तो म्हणाला. "तेजबाणची हाये."

 संघपालनं उलट बोलून दाखवलं नाही, हात झटकले नाहीत. मशीन लावायला हवं होतं हे त्यालाही कळत होतं. त्यानं लगेच आपल्या कॉलेजातल्या गुरुजींना फोन लावला. तिकडून उत्तर आलं, की ह्या सुईनं घोडीच्या अंगातला गर्भ धरून ठेवणारा रस आटतो. तो रस बाहेरून रोज टोचत राहिलात तर गर्भ टिकेल, कदाचित. चौथ्या महिन्यानंतर घोडी आपली आपण सांभाळते. आजच, आत्ताच सुरू करा. औषध बायकांना देतात तेच चालेल.

दोघं मोटरसायकलवर शहागडला सुटले. हायवेवर ट्रकांची रांग लागलेली, संघपाल तिच्यातून गाडी घालत होता आणि मागे बसलेला अलीम अल्लाचं नाव घेत होता. संघपाल गाडी लावेपर्यंत अलीम मेडिकलमध्ये घुसला. काउंटरवर मिथुन नावाचा पोरगा होता.

"चाचा, चिठ्ठी?"

"मागून येऊन राह्यली. तू दे जल्दी. पोट टिकायची सुई."

"पेशंटचं नाव?"

"रेशमा."

"वय?"

"अकरा."

मिथुननं काढलेला खोका परत कपाटात ठेवला. "चाचा, शुद्धीत हाये का तुम्ही? पोलीस बोलवू का?"

"घोडी हाये रे बाबा! घोडी!"

मागं उभी असलेली दोन माणसं खो खो हसली. एरवी अलीमही हसला असता. आज तो काउंटरवर डोकं टेकून हुंदके द्यायला लागला, तेव्हा हसणारे गप झाले. संघपालनं येऊन चिठ्ठी लिहून दिली. दुकानात होती तेवढी सगळी औषधं घेऊन ते परतले आणि दुपारच्या आत रेशमाला पहिली सुई बसली.

त्यानंतरचे दिवस अलीमनं कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. औषध तेलकट, सुई जाड. रोज मानेत टोचायचं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. दोन्ही बाजूंना गाठी आल्या. मेहरुन्निसा विटेचे तुकडे तापवून शेकायला द्यायची. रेशमा आधी अलीम दिसला की त्याच्या खिशात नाक खुपसायची. आता ती त्याला बघून कोपऱ्यात सरकायला लागली, आणि हे त्याला फार लागलं. तो तिच्या शेपटीखाली दिवसातून दहादा बघायचा, काही डाग दिसतो का. तबेल्यातच अंथरूण टाकलं होतं. रोज संध्याकाळी फोन वाजायचा.

"अलीम, काही?"

"अजून तर न्हाई, शेठ."

काही दिवसांनी संघपालनं मशीन लावलं तेव्हा ठिपका लुकलुकत होता. दोघांनी एकमेकांना मिठी मारली. वसंतानं, ज्याला आता सगळं कळलं होतं, नदीवर जाऊन नारळ फोडला. अलीमनं दर्ग्यात फातेहा दिली. त्या संध्याकाळी एकदा त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. शेठचा आवाज फारच खोल गेलेला वाटला. पण आता तर नजर लागायची दुप्पट धास्ती. एवढ्यातून वाचलेलं पोर परत बोलून घालवायचं? त्यानं ओठ घट्ट मिटले.

पुढच्या खेपेला संघपाल पडद्याकडे बघत राहिला. मशीनचा दांडा फिरवला, पुन्हा फिरवला. "थांबा," म्हणाला. "थांबा जरा." अलीमही बघत होता. काळा गोल होता, पण त्याच्या कडा चेपल्यासारख्या दिसत होत्या, आणि आतलं काही हलत नव्हतं. कुणी सांगायची गरज नव्हती.

"माजाच्या सुईनं गेलं का?" अलीमनं विचारलं.

"नक्की सांगता येत न्हाई, अलीमभाई. गोठवलेल्या रेताचं असं बी जातं कधी कधी. आता टोचणं बंद करा. ती आपोआप मोकळी होईल."

अलीमनं मान हलवली आणि टोचणं बंद केलं नाही. हे सांगायला मला जड जातंय, पण त्यानं केलं ते असं. दुसऱ्या सकाळी त्यानं औषध भरलं, रेशमाच्या सुजल्या मानेत टोचलं. तिसऱ्या सकाळीही टोचलं. मेलेलं शिंगरू त्यानं औषधाच्या जोरावर आत धरून ठेवलं होतं. बाहेर पडलं तर संपलंच. आत आहे तोवर मशीन चुकलं असेल, बॅटरी उतरली असेल, पोरगा गायीम्हशींचा डॉक्टर आहे, असं काहीबाही मनाला सांगता येत होतं. रेशमानं चंदी सोडली. अंग तापलं.

चौथ्या सकाळी मेहरुन्निसा भाकरी घेऊन तबेल्यात आली आणि त्याच्या हातात भरलेली सुई बघून दारातच थबकली. घरात ती कधी आवाज चढवून बोलत नसे.

"किस के लिए?" तिनं विचारलं.

अलीम रेशमाच्या मानेकडे वळला.

"वो गया. अब इस बेजबान को भी मारना है क्या?"

तिनं त्याच्या हातातून सुई काढून घेतली. त्यानं घेऊ दिली. मग तो रेशमाच्या गळ्यात पडून इतका रडला, की ती कोपऱ्यात सरकणारी घोडी त्या दिवशी जागची हलली नाही.

सुई बंद झाल्यावर रेशमा मोकळी झाली. बोटाएवढंच होतं. पण घोड्याचा घाट आला होता. मान, मुंडी, पायांच्या काड्या सगळं ओळखू येत होतं. अलीमनं ते फडक्यात गुंडाळून नदीच्या काठाला पुरलं. संघपालनं औषधं सुरू केली, रेशमाचा ताप उतरला, तिनं चंदीला तोंड लावलं. मग अलीमनं अंघोळ केली, धुतलेले कपडे घातले आणि एसटी धरून जालना गाठलं.

शेठ घरी खाटेवर बसले होते. अंग निम्मं झालेलं. अलीमला बघून त्यांचे डोळे चमकले. हा माणूस न बोलावता आला म्हणजे काहीतरी खबर असणार. ते बघून अलीमला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तो खाली जमिनीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. रेशमा राहिली होती, ते गिऱ्हाईक, आपल्या तोंडातून गेलेला शब्द, ती सुई, मेडिकल, नंतरची नसती जिद्द. काही वगळलं नाही, कुणाच्या अंगावर ढकललं नाही.

"शेठ, मला काढून टाका," तो शेवटी म्हणाला. "मीच मारलं त्याला."

शेठ खिडकीकडे बघत होते. अलीम शिव्यांची वाट बघत होता. त्याला शिव्या हव्याच होत्या.

"काळीज दिसलं होतं?" शेठनी विचारलं.

"दिसलं होतं शेठ."

"चालत होतं?"

"लुकलुक करत होतं. दोनदा बघितलं मी."

"दोनदा," शेठ म्हणाले.  "आन् मी रोज फोन करत होतो, अलीम. ज्या दिवशी तू त्याला बघितलं, त्या दिवशी बी केल्ता."

"शेठ, नजर लागू नये म्हणून..."

"एकदा हो म्हणायचं होतं रे. जायचं ते गेलंच असतं. पण तेवढे दिवस तरी मी खुशीत काढले असते."

 शिंगराचं दुःख अलीमनं पोटभर केलं होतं, रेशमाची माफीही मागून झाली होती. पण ह्या म्हाताऱ्या माणसाचं आपण काय नेलं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. शेठनी त्याला काढलं नाही. चहा पाजला, रेशमाला जपायला सांगितलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठवलं.

अलीम अजून त्याच फार्मवर आहे. संध्याकाळ झाली की फोन हातात घेऊन पागेच्या पायरीवर बसतो. शेठचा फोन त्यानंतर आलेला नाही.